अपक्ष

(एक टेबल, कॉम्प्युटर, डगमगणारं स्टूल. कलाकार टकलावरचा घाम पुसत येतो, खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढतो.)

हा व्हर्नियर. भोसरी एमआयडीसीत मी क्वालिटीला होतो. म्हणजे दुसऱ्यानं बनवायचं आणि आपण नापास करायचं. मराठी माणसाला याहून सुखाची नोकरी नाही! ०.०२ मिलिमीटर इकडंतिकडं झालं की जॉब रिजेक्ट.

एके दिवशी एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "वी आर अ फॅमिली." कंपनीत फॅमिली हा शब्द आला की समजायचं, वाटण्या सुरू झाल्या. पत्र हातात दिलं. लोगो आडवा ताणलेला. डावी मार्जिन एक, उजवी भलतीच. म्हटलं, "मॅडम, हे पत्र मी पास करू शकत नाही." मॅडम म्हणाल्या, "सही खाली करायची, पेन तिथं आहे." पेनही त्यांनी परत मागून घेतलं हो!

आता दुसरं काय येतं? तर ४ मार्चला सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर आणि खंडेनवमीचा बॅनर. कोरलड्रॉवर मीच करायचो, फुकट. म्हटलं, तेच विकू. घराच्या गॅलरीत स्टुडिओ काढला आणि सासऱ्यांना सांगितलं. आमचे अण्णा एसटीतून निवृत्त. स्वारगेटला कंट्रोलर होते. घरातसुद्धा घोषणाच करतात.

(नाकातून, माइकवर बोलल्यासारखं) "जावईबापू, पगार किती तारखेला?"
"पगार नाही, अण्णा."
"साहेब कोण?"
"कोणी नाही."
"पीएफ?"
"नाही."
"म्हणजे तुम्ही अपक्ष उभे राहिलात! डिपॉझिट कुणाचं?"
"तुमच्या मुलीचं."

गॅलरीला बोर्ड लावला, 'डिझाइन स्टुडिओ'. लगेच सोसायटीतल्या बायका आल्या. ब्लाउजपीस घेऊन! "मागं खोल गळा आणि लटकन." मी नाही म्हणणार, तोच आतून आवाज, "जावईबापू, गाडी मोकळी सोडायची नसते!"

पहिला खरा लोगो केला वडापाववाल्याचा. अण्णांना कौतुकानं सांगायला गेलो की १९७१ साली अमेरिकेत कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीनं नाइकीची ती खूण काढली, पैसे मिळाले ३५ डॉलर, पण पुढं कंपनीनं तिला शेअर दिले. अण्णा म्हणाले, "मग तुम्हीपण शेअर मागा!" मागितला. त्यानं दिला. रोज दोन वडे. ॲसिडिटी हा आमचा डिव्हिडंड.

पण धंदा उभा राहिला तो भाऊंवर. भाऊ म्हणजे भावी नगरसेवक. वाढदिवसाचा फ्लेक्स, दहा बाय वीस. (हात फैलावतो) वर महापुरुष, पासपोर्ट साइज. त्यांच्याखाली नेते, ताटलीएवढे. मध्ये भाऊ! गॉगल, कानाला फोन, एक पाय पुढं. महाराज कोपऱ्यात, भाऊ घराएवढे. आणि खाली शुभेच्छुक. डोकी, डोकी, डोकी! फोटो सगळे व्हॉट्सॲपवरून. एकाच्या खांद्यावर भलत्याच माणसाचा हात. मी विचारलं, "हा हात कुणाचा?" म्हणाला, "राहू द्या, जुने संबंध आहेत."

मग रात्री दोघं भांडत गॅलरीत.
"माझं डोकं त्याच्यापेक्षा लहान का?"
"सारखीच आहेत."
"मग त्याचं मोठं का दिसतं?"
"त्याला केस आहेत."

(व्हर्नियर उचलतो, हवेतल्या स्क्रीनला लावतो) त्या दिवसापासून आमच्या स्टुडिओचं स्टँडर्ड ठरलं. हनुवटी ते भुवई. केस धरायचे नाहीत! मोजून दाखवलं की कार्यकर्ता गप्प. एचआरवाल्या मॅडम, बघा, तुमच्या माणसाचं चीज झालं.

जून २०२२ ची पक्षफूट कशीबशी निभावली. मग २ जुलै २०२३. रविवार. पानात मटण. टीव्हीवर शपथविधी. फोन! "वरची रांग काढा!" "कोणती?" "थांबा, विचारून सांगतो." रस्सा गार झाला. "ठेवा." सुपारी तोंडात टाकली. "अर्धी काढा!" तेव्हापासून नेत्यांचे लेअर मी मर्ज करत नाही. विलीनीकरण हा त्यांचा विषय.

आणि ते 'भावी'! मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसले, निवडणूक आली थेट जानेवारी २०२६ मध्ये. तोवर भाऊ भावीच. त्यांचे केस पिकले, मी फ्लेक्सवर काळे केले.

खरं सांगू? मी अक्षरांच्या नादाला लागलो तो कमल शेडग्यांमुळं. पेपरात नाटकांच्या जाहिराती यायच्या. शेडग्यांनी काढलेलं नाव वाचून व्हायच्या आत कळायचं, हे नाटक हसवणार का रडवणार. मी कात्रणं ठेवायचो. एकदा भाऊंना मोठ्या हौसेनं हातानं अक्षर काढून दिलं. भाऊ म्हणाले, "छान आहे. आता पेटवा." म्हटलं, काय? "'भाऊ'ला आग लावा. ज्वाळा. कोरलमध्ये असतात ना?"

एकदा रात्री एक पोरगा आला. रिक्षा चालवतो. शेवटच्या रांगेतला, बटणाएवढा फोटो. हातात दोनशेची नोट. म्हणाला, "मोठा नका करू. फक्त बसस्टॉपच्या बाजूला घ्या. आई तिथून दळण घेऊन जाते." नोट टेबलावर ठेवली, तिला पिठाचा हात लागलेला होता. मी ती परत त्याच्या खिशात कोंबली आणि त्याला बसस्टॉपच्या बाजूला घेतला.

(शांतता. अचानक) त्या जागेवर भाऊंचे मेहुणे होते! सकाळी सहाला वहिनींचा फोन, "माझ्या भावाला तुम्ही मुतारीकडं का केलं?"

(अण्णा) "जावईबापू, रूट बदलला की आधी सूचना लावायची!"

आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीला भाऊंचं तिकीट कापलं. रात्री भाऊ गॅलरीत, या स्टुलावर. "अपक्ष उभा राहतोय." आतून अण्णा, "या, या, आमच्यात या!"

नवा फ्लेक्स. वरची रांग काढली. खालची रांग पक्षाबरोबर आपोआप गेली. मेहुणेपण गेले. दहा बाय वीसवर एकटे भाऊ. आणि बाजूला मोकळी जागा! (गहिवरून) आजवर मला टाचणी टोचायला जागा मिळाली नव्हती हो!

भाऊ म्हणाले, "एवढी जागा रिकामी? पैसे फुटावर लागतात ना?"
"लागतात. द्यायचे राहिलेत."
"कुणाला तरी टाका की तिथं."
"उरलंय कोण?"
भाऊंनी माझ्याकडं बघितलं. खिशात हात घातला. जुन्या बाकीतली निम्मी रक्कम मोजून टेबलावर ठेवली. मी निमूटपणे माझा फोटो शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी चौकात मी. हात जोडून. खाली, 'कट्टर समर्थक'. बसमधून अण्णांचा फोन.

"जावईबापू, फ्लेक्स पाहिला. तुम्ही आणि भाऊ एकाच साइजचे?"
"हनुवटी ते भुवई, अगदी मोजून, अण्णा!"
"मग तुमचं लहान का दिसतं?"

(प्रेक्षकांकडे बघत टकलावरून हात फिरवतो. काळोख.)