हिंगणीतलं घर: नवशिक्यांसाठी बारमाही मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अशांसाठी आहे, ज्यांच्या वाट्याला वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीत घर आलंय आणि त्याचं करायचं काय हे कळत नाहीये. घर वाट्याला येतं ते बहुधा वडिलांच्या पश्चात, पुण्यातल्या फ्लॅटवाल्या भावाने ‘मला नको, तूच ठेव’ असं मोठ्या मनाने म्हटल्यावर. अलीकडे नागपूरकरही येतात. बोर अभयारण्याच्या जंगलाशेजारी आपलं चार खणांचं काहीतरी असावं असं त्यांना वाटतं. दोघांनाही एकच सल्ला: कागद नंतर बघा, आधी छप्पर बघा.

घराचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. कापूस विकून हातात चार पैसे खुळखुळतात आणि ऊन अजून सोसवतं, तेव्हा, म्हणजे होळीच्या आगेमागे सुरू होतं. भर दुपारी घरात जा, दारं-खिडक्या लावून घ्या आणि वर पाहा. जिथून उजेड येतो तिथून जूनमध्ये पाणी येणार. प्रत्येक उजेडाखाली जमिनीवर खडूने फुली मारा. फुल्या मोजू नका, रात्रीची झोप जाते.

छप्पर कवेलूचं असेल तर ते कोणत्या कवेलूचं आहे ते आधी बघा. देशी कवेलू म्हणजे कुंभाराने चाकावर नळी काढून तिच्या दोन फाका केलेलं. इंग्रजी म्हणजे चपटं, कारखान्यातलं. देशी कवेलू दरवर्षी फेरावं लागतं: फुटकं काढायचं, सरकलेलं बसवायचं, खालच्या कुजलेल्या कामट्या बदलायच्या. हे काम येणारी माणसं आता थोडी उरली आहेत आणि जी आहेत ती वयाने छपरावर चढण्याच्या पलीकडे गेली आहेत. ती खाली खाटेवर बसून सूचना देतात, वर त्यांचा नातू मोबाइल सांभाळत कवेलू हलवतो.

काम झालं की पहिली तपासणी वानरं करतात. हिंगणी जंगलाच्या तोंडावर आहे. वनखात्याचं एक वनपरिक्षेत्रच या गावाच्या नावाने आहे. पंधरा-वीस वानरांची टोळी चिंचेवरून तुमच्या आढ्यावर आणि आढ्यावरून शेजाऱ्याच्या पेरूवर जाते, तेव्हा दिवसभराची मजुरी दोन मिनिटांत खाली येते. रानडुकराने पीक खाल्लं तर भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा हे गावात पोरासोरांनाही पाठ आहे. कवेलूसाठी अर्ज केलेला माणूस मात्र माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून लोक टिनाकडे वळले. टीन वानराला फुटत नाही, एवढाच त्याचा गुण. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा टिनाखाली माणूस बसत नाही, तूर वाळते. पाऊस आला की घरात बोलणं बंद होतं, त्यामुळे काही संसार टिकले असतील तर ते सोडा. टिनावर पांढरा चुना मारा, वर पाला किंवा तणस टाका; थोडा फरक पडतो. तणस टाकलंत तर चुलीच्या धुराड्यावर लक्ष ठेवा.

पैसे असतील तर स्लॅब. स्लॅब टाकायचा तर घाई करून मे महिन्यात टाकू नका, असं पुस्तकं सांगतात. स्लॅबला दोन-तीन आठवडे पाणी पाजावं लागतं आणि मे महिन्यात विहिरीला पाणी नसतं. तरीही सगळे मे महिन्यातच टाकतात, कारण मृग लागायच्या आत डोक्यावर काहीतरी हवं. स्लॅब तहानलेला राहतो आणि चार पावसाळ्यांनंतर त्याची परतफेड करतो.

आता मिस्त्री. मिस्त्रीला काम सांगताना ‘कधी येता?’ असं विचारू नका. हा नवशिक्याचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ठरलेलं:

‘येऊन राह्यलो ना भाऊ, सोमवारी पक्कं.’

‘मागच्या सोमवारी पण असंच म्हणले होते तुमी.’

‘तो सोमवार येगळा होता. त्या दिवशी तब्येत बरी नोती.’

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे सोमवारी मिस्त्रीची तब्येत का बिघडते याचा उलगडा कुणालाच होत नाही आणि तुम्हीही करू नये. मंगळवार धरून चाला.

भिंतीच्या भेगांकडे मात्र मन लावून बघा, कारण या भागातल्या घराचं खरं दुखणं छपरात नाही, मातीत आहे. काळी कन्हार माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात अशा भेगा पडतात की काठी घातली तरी तळ लागत नाही; तीच माती तुमच्या घराखालीही आहे. घर दर पावसाळ्यात किंचित उचललं जातं आणि दर उन्हाळ्यात खाली बसतं, तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही. नवशिका मे महिन्यात भेग बघून घाबरतो, सिमेंटने बुजवतो आणि ऑगस्टमध्ये माती फुगली की बुजवलेल्या भेगेशेजारी नवी भेग बघून पुन्हा घाबरतो.

त्यापेक्षा असं करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा आणि भेगेवर आडवी एक कागदाची पट्टी चिकटवा. पूर्ण एक वर्ष काही करू नका. भेग ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल तर ती मातीची सवय आहे. तिला चुना-मातीचा लवचीक लेप पुरे. एकाच दिशेने वाढत असेल तर पाया मुरमापर्यंत गेलेला नाही, हे ओळखा. ज्याच्या आजोबांनी मुरूम लागेपर्यंत खोदलं, तो नातू भेगांवर बोलत नाही. बाकी सगळे पारावर याच विषयावर बोलतात. न्हाणीचं पाणी भिंतीच्या मुळाशी मुरू देऊ नका. निम्म्या भेगा तिथून सुरू होतात आणि दोष शेजाऱ्याच्या बोअरवेलला जातो.

कूलरच्या ताट्या मार्चमध्ये बदला. एप्रिलमध्ये बाजारात ताट्या मिळतात, पण त्या विकणाऱ्याचा सूर बदललेला असतो.

पावसाळ्यात घराचं काहीही करता येत नाही. खडूच्या फुल्यांवर भांडी ठेवा, लाकडावर चढणाऱ्या उधईच्या मातीच्या रेघा दिसतील तिथे खरवडून रॉकेल लावा, अडगळीत हात घालण्याआधी काठी घाला. बोर धरणाचं पाणी किती टक्के झालं याची चौकशी करत राहा; त्यातून घराला काही मिळत नाही, पण शेजाऱ्यांशी बोलणं होतं.

पोळा झाला, पाऊस उघडला की दुसरा हंगाम. मातीच्या भिंती असतील तर पांढऱ्या मातीचा हात, खाली गेरूचा पट्टा, जमिनीला शेणाचं सारवण. हे काम मिस्त्रीचं नाही, घरातल्या बाईचं आहे. कुठल्या भिंतीला किती भुसा मिसळायचा, सारवण कधी ओलं-कोरडं असावं, हे तिला हाताने कळतं. घराची निगा ज्याला म्हणतात त्यातलं निम्मं काम ती करते आणि कुठल्याही हिशेबात, कुठल्याही मूल्यांकनात त्याची एक रुपया मजुरी धरलेली नाही. पक्क्या भिंतींना चुना. चुना आदल्या रात्री भिजवा, गाळा, चिमूटभर नीळ घाला, चिकटपणाला डिंक. डिस्टेंपर लावलात तर भिंत चकचकीत दिसते आणि तिसऱ्या वर्षी पापुद्रे धरते, कारण ओल आत कोंडते. चुना ओलीला बाहेर जाऊ देतो.

एक सावधगिरी. तुमचं नाव घरकुलाच्या यादीत येण्याची शक्यता असेल तर दिवाळीची रंगरंगोटी जरा लांबणीवर टाका. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला एक लाख वीस हजार रुपये मिळतात, पंचवीस चौरस मीटरचं घर बांधण्यासाठी. पाहणीला आलेला माणूस मोबाइलवर कच्च्या घराचा फोटो काढतो. फोटोत मातीचं घर जितकं नेटकं, तितकी त्याच्या मनात शंका. वर्षभर जपलेल्या घराला इथे गुण नाहीत, उणे गुण आहेत.

हे नीट समजलं की किमतीचा धडा सोपा जातो.

किंमत पहिल्यांदा बघायची ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये. त्यात तुमचं घर प्रकाराने लिहिलेलं असतं: झोपडी किंवा मातीचं, दगड-विटांचं, पक्कं, आर.सी.सी. मातीचं म्हटलं की मोल खाली. तिथून पुढे जितकं वय तितका घसारा. तुम्ही फेरलेली कवेलू, चिकटवलेल्या पट्ट्या, गेरूचा पट्टा, यांना रकाना नाही. वाईट वाटलं तर सेवाग्रामला जाऊन या. १९३६ मध्ये गांधीजी तिथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला गेले तेव्हा त्यांची अट होती की झोपडीला शंभर रुपयांवर खर्च होऊ नये आणि सामान व मजूर आजूबाजूचे असावेत. माती, बांबू, कवेलू. सगळ्या जिल्ह्यात सर्वांत निगुतीने जपलेलं घर तेच असेल. नमुना ८ च्या हिशेबात ते मातीचं, भरपूर जुनं आणि घसाऱ्याने जवळपास संपलेलं.

दुसरी किंमत सरकारी दर तक्त्यातली, म्हणजे रेडी रेकनर. ती दरवर्षी १ एप्रिलला पुन्हा ठरवायची असते, निदान तसा शिरस्ता आहे. नोंदणी फी बाजारमूल्याच्या एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. इतकी वर्षं सारवण करणाऱ्या बाईचं नाव कागदावर यायला ही एक टक्क्याची सवलत कामी आली, असं दिसतं.

तिसरी किंमत पारावरची. ही सर्वांत जास्त असते आणि तिने आजवर एकही घर विकलं गेलेलं नाही. ‘अमक्याने रोडटच इतक्यात देल्लं’ या वाक्यात अमका कोण हे विचारू नका. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, जिल्ह्यात येळाकेळीजवळ तो उतरतो. त्या दिवसापासून येळाकेळीपासून बऱ्याच लांबच्या ओसाड परसांनाही भाव आला. खरेदीदार अजून आलेले नाहीत, पण भाव येऊन बसला आहे.

वाघाचंही तसंच. बोरचं अभयारण्य १९७० चं. २०१४ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला, साधारण १३८ चौरस किलोमीटरचा, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांत गणला जाणारा. नागपूरकर खरेदीदाराला वाघ ऐकू आला की तो दोन पायऱ्या वर बोलतो. इथल्या शेतकऱ्याला ऐकू आला की तो रात्री ओलीत करायला जात नाही, आणि विकायचं मनात आणतो. एकाच डरकाळीने मागणी आणि पुरवठा दोन्ही वाढतात, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. नागपूरकरांनी मात्र जंगलाच्या कडेला बांधकामाला कोणते निर्बंध आहेत ते इसार देण्याआधी वनखात्यात जाऊन विचारावं, प्लॉट दाखवणाऱ्याला नव्हे.

कागदांबद्दल एवढंच: गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, तिच्यात ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देतात. महाराष्ट्रात याची पहिली चाचणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. ड्रोन उडायच्या आधी हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. दिवाळीला भिंतीला मारलेल्या चुन्यावरून कधी भांडण झालं नाही. या रेघेवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. ज्या सांदीत पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही छपरांची पाणधार पडते, ती सांद कुणाची हे आजोबांनी ठरवलंच नव्हतं. ठरवायची गरज पडली नव्हती.

आता विक्री. खरा खरेदीदार येतो तेव्हा तो छप्पर बघत नाही. भेग बघत नाही. रस्त्याकडची रुंदी पावलांनी मोजतो, पुण्याचा भाऊ सही देईल का विचारतो आणि मग म्हणतो, ‘घर पाडून देता का उभं?’ या प्रश्नाला तयार राहा. उभ्या घराचा तो एक पैसा देणार नाही. उलट पाडायचा खर्च कापेल. पण मयाल, खांब, चौकटी जुन्या सागाच्या असतील तर त्या तुमच्या आहेत. त्यांना वेगळं गिऱ्हाईक मिळतं आणि शाबूत इंग्रजी कवेलूलाही. कित्येकदा घर सुटं करून जे येतं, ते उभ्या घराला कुणी कधी सांगितलेलं नसतं.

पाडायचं ठरलं तर उन्हाळ्यातच पाडा, लाकूड कोरडं असतं आणि वजनाला हलकं जातं. कवेलू वरून फेकू नका, हातोहात उतरवा. सागाची वाहतूक करण्याआधी वनखात्याचा कागद लागतो का ते विचारून घ्या. आणि पाडून झाल्यावर ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना ८ मधली नोंद बदलून घ्या. नाहीतर पुढच्या मार्चमध्ये त्याच मातीच्या घराची घरपट्टी येते, आणि ती भरल्याची पावती दाखवल्याशिवाय रिकाम्या जागेचा दाखला मिळत नाही.