बैठकीचा माणूस

नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर कपड्याच्या दुकानात शिरलेला माणूस आधी रंग पाहतो, मग भाव विचारतो. बापू आधी वाकतात. पँट चढवून आरशाकडे पाठ करतात, दोन्ही हात पुढे काढून हवेतलं हँडल धरतात, कंबर मागे ढकलतात आणि त्या अवस्थेत बराच वेळ स्तब्ध राहतात. दुकानातला नवा पोऱ्या घाबरतो. काकांच्या कमरेत उसण भरली असं त्याला वाटतं. जुना नोकर मात्र निवांत पुढची पँट उघडत असतो. अजून स्टुलावर टांग टाकून बसायचं बाकी आहे, हे त्याला ठाऊक असतं.

बापूंची सायकल डोंगरातली आहे. जाड टायरची, पुढे सस्पेन्शनवाली. नागपुरात डोंगर कुठे, असं पुण्याकडचा पाहुणा विचारतो आणि ते बापूंच्या वर्मी लागतं. चढ म्हणावा अशी टेकडी ऐन बर्डीत आहे, पण तिच्यावर किल्ला आणि किल्ल्यात लष्कर. 1817 च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांची फौज या टेकडीवर इंग्रजांशी लढली आणि हरली. आता सामान्य नागपूरकराला ती 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट एवढीच लाभते, तीही पायी. "अप्पासाहेबांनी त्या दिवशी थोडा जोर लावला असता," बापू उसासा टाकतात, "तर आज आपल्याले घरासमोर ट्रॅक होता." तो नाही म्हणून सेमिनरी हिल्सच्या पायवाटा, गोरेवाड्याकडचा मुरूम आणि कधीतरी रामटेक.

आमच्या रविवारच्या कंपूत बापू सगळ्यात हळू चालवतात आणि सगळ्यात जास्त बोलतात. हे चाललं असतं. पण कपड्यांबाबत त्यांचं सगळं बरोबर असतं, आणि ते चालत नाही. चुकीचा सल्ला देणाऱ्याला माणूस सहज माफ करतो. बापूंचा सल्ला न ऐकता निघालेल्याची मात्र सातव्या किलोमीटरला मांडी सोलते, आणि बापू मागून येतच असतात.

एका पोट्ट्याने त्यांना एकदा पेचात पकडायचं ठरवलं. त्याने वाचलं होतं की हा खेळ ज्यांनी सुरू केला, ते 1976 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसवर जीन्स आणि कामगारी बूट घालून सायकली हाणत. तिथल्या एका उतारावर ब्रेक इतके तापायचे, की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. असे कडवे लोक जीन्स घालत, मग आम्ही का नको? बापूंनी तर्री-पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "ते उतरत होते बे. वर जाले त्यांच्याजवळ ट्रक होता. तुह्याजवळ ट्रक आहे का?" मग त्यांनी त्या पोट्ट्याला उठवून उभं केलं आणि त्याच्याच जीन्सला बोट न लावता दाखवलं, की चार शिवणी जिथे एकत्र येतात ती जाड गाठ नेमकी कुठे येते आणि सीटचं नाक नेमकं कुठे. पोहे खाणारे आजूबाजूचे दोघे-तिघे नकळत आपापल्या पँटीकडे पाहू लागले.

सैल लोअरवर त्यांचा राग वेगळा. बर्डीच्या फुटपाथवर मिळणारा झुळझुळीत लोअर घरात राजा, सायकलवर वैरी. बापूंचे वडील कचेरीत सायकलने जात तेव्हा पँटीच्या उजव्या पायाला लोखंडी क्लिप लावत, कारण चेन त्या बाजूला. क्लिप गेली, चेन आहे तिथेच आहे. पण बापू म्हणतात, पायाचा घोळ दिसतो तरी. खरा दगा वर असतो. उतारावर अंग सीटच्या मागे न्यावं लागतं. परत पुढे येताना लोंबणारा लोअर सीटच्या नाकाला अडकतो, माणूस पुढे येतो आणि पँट मागे राहते. सेमिनरी हिल्सवर आमच्यातल्या एका बँक अधिकाऱ्याच्या बाबतीत हे घडलं, त्याच वेळी समोरून प्रभातफेरीच्या बायका येत होत्या. बापूंनी पडलेल्या साहेबांना उठवायच्या आधी लोअरचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

सुती कपडा घालू नका, घाम धरून ठेवतो, हे सायकलवाले जगभर सांगतात. बापू ते जुलैपुरतं मान्य करतात. श्रावणाच्या ओलीत सुती बनियन अंगाला चिकटतं ते चिकटतंच. पण आमच्याकडे मेमध्ये पारा सत्तेचाळीसला टेकतो आणि हवा कोरडी ठण्ण असते. तेव्हा बापू पंचा पाण्यात बुडवून, पिळून मानेभोवती घेतात आणि उरलेलं टोक हेल्मेटखाली सरकवतात. पाणी उडतं, मान गार होते. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या याहून वेगळं काय करतात? जर्मन कंपनीची महागडी जर्सी घातलेला गडी फुटाळ्यावर रसवंतीच्या सावलीत आडवा होतो आणि बापू पुढे निघून जातात, अर्थात हळूच. मोज्यांचं तसंच. दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं, की कुसळं लागतात. सुती मोज्यात शिरलेलं कुसळ दर पेडलला आत सरकतं. बापू उंच, गुळगुळीत नायलॉनचे मोजे घालतात आणि मुक्कामी पोचल्यावर इतरांना कुसळं वेचताना बघत चहा पितात. त्या वेळची त्यांची मुद्रा फार वाईट असते.

पण बापूंचं खरं जीवितकार्य म्हणजे गादीची चड्डी. नागपूरच्याच डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, बारा दिवसांच्या आत एकट्याने सायकलवर पार केली. सारं शहर त्यांच्या पायांचं कौतुक करत होतं. बापू एकटेच विचारत होते, "बसले कसे असतील?" प्रश्न रास्त आहे. या चड्डीत जो पॅड असतो तो पूर्वी मऊ चामड्याचा असे, आता फोमचा. लोक जाड पॅड घेतात. बापू त्यावर अंगठा रोवतात, सोडतात आणि डोळे बारीक करून बघतात. खड्डा लगेच भरला तर माल चांगला. दबलेला तसाच राहिला तर ती उशी, आणि उशीवर बसून रामटेक होत नाही. वरून हवी तर साधी हाफ पँट घाला, म्हणजे पानठेल्यावर उभं राहता येतं.

इथवर कुणाची हरकत नसते. अडतं ते पुढच्या वाक्याला. गादीच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे: आतल्या चड्डीची शिवण घासते, ओल धरते, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच वाया जातं. पण खरं बोलायला जागा लागते. बापू हे दुकानाच्या काउंटरवर, शेजारी कुणी साडीला मॅचिंग परकर पाहत असताना, खणखणीत आवाजात सांगतात. "आत काही नको! काहीच नको!" परकरवाल्या बाई दुकान सोडतात. मालक हात जोडतो. "बापू, मी मानतो तुमचं, पण हळू ना." बापूंना कळतच नाही, शास्त्रात लाजायचं काय.

घरी काकूंनी या विषयाला कायमची बंदी घातली आहे. ती चड्डी त्यांनी पहिल्यांदा गॅलरीत वाळत घातली, तेव्हा समोरच्या वहिनी सहानुभूतीने विचारायला आल्या, "बापूंना बरं नाही का?" तेव्हापासून चड्डी पंख्याखाली वाळते.

मागच्या लग्नसराईत पुतण्याच्या शेरवानीसाठी सगळं घर बर्डीत उतरलं. बापूंना सोबत नेऊ नये असं ठरलं होतं. ते सायकलने आधीच पोचले होते. मोतिया रंग, जरीचं काम, सर्वांना पसंत. नवरदेव आरशात स्वतःवर खूश. बापू म्हणाले, "वाक." पुतण्याने आईकडे पाहिलं. "वाक म्हणतो ना. आता स्टुलावर टांग टाक." नवरदेवाने टांग टाकली आणि टर्रकन आवाज झाला. चुडीदार आसनाला उसवला होता. आई रडवेली झाली, मालक नवीन शिवून देतो म्हणू लागला. बापू शांतपणे म्हणाले, "वरातीत घोड्यावर बसणार आहे ना हा? तिथं उसवलं असतं, बँडसमोर."

कुणाकडेच उत्तर नव्हतं. मालकाने मुकाट्याने घेरदार सलवार काढली. पुतण्या वाकला, बसला, उठला. काही झालं नाही. बिल होऊ लागलं, काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेवढ्यात बापूंनी भरल्या दुकानात नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "आणि आतून काय घालणार आहेस?"