बाष्पशास्त्री

सिगारेट सोडलेला मनुष्य पूर्वी त्याच्या चिडखोरपणावरून, खिशातल्या बडीशेपेवरून आणि दुसऱ्याने शिलगावलेल्या सिगारेटीकडे पाहण्याच्या त्याच्या वरकरणी विरक्त परंतु अंतर्यामी अत्यंत आसक्त दृष्टीवरून ओळखता येत असे. परंतु नोकरीनिमित्त इंग्लंडात स्थायिक झालेल्या आमच्या मराठी बांधवांमध्ये अलीकडे जो एक नवा वर्ग उदयास आला आहे, त्यातला गृहस्थ आपण सिगारेट सोडल्याचे स्वमुखाने सांगतो, आणि एकदा सांगू लागला की ऐकणाऱ्यास जुना धूरच सुसह्य वाटू लागतो. या वर्गास मी बाष्पशास्त्री म्हणतो.

रेडिंग किंवा स्लाव येथे गणेशोत्सवासाठी भाड्याने घेतलेल्या सभागृहाच्या पिछाडीस, जेथे मोटारी उभ्या करतात, तेथे आरती आणि महाप्रसाद यांच्या मधल्या अवकाशात त्याचे हमखास दर्शन घडते. अंगात रेशमी झब्बा, कपाळी अष्टगंध, मुठीत ई-सिगारेटचे एक जडशीळ धातूचे यंत्र, आणि सभोवार आंब्याच्या वासाचा मेघ. "हा हापूस नव्हे," कोणी विचारण्यापूर्वीच तो खुलासा करतो, "इथल्या मंडळींना हापूस ठाऊकच नाही, पण गोडवा बेताचा आहे म्हणून चालवून घेतो."

अशा वेळी पुण्याहून नुकताच आलेला, सिगारेट सोडण्याची प्रामाणिक इच्छा बाळगणारा एखादा तरुण अभियंता भाबडेपणाने विचारतो, "दादा, मी कुठलं लिक्विड घेऊ?" या प्रश्नाचे उत्तर चार शब्दांत देता येते, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार ते देतोही, परंतु शास्त्र्याच्या लेखी प्रश्नाला उत्तर देणे हा प्रश्नकर्त्याचा अपमान होय. तो आधी फौजदारी थाटात त्याची जबानी घेतो. दिवसाला किती ओढतोस? पहिली चहाच्या आधी की नंतर? धूर आधी तोंडात धरतोस की थेट छातीत नेतोस? तरुण या उलटतपासणीने इतका अस्वस्थ होतो, की त्याचा हात नकळत खिशातल्या पाकिटाकडे वळतो.

मग मूळ सिद्धांत सुरू होतो. निकोटीन दोन प्रकारचे: एक फ्रीबेस, दुसरे सॉल्ट. "तुझे आजोबा तंबाखू मळायचे ना? त्यात चुना का घालायचे?" तरुणाचे आजोबा शाळामास्तर होते आणि तंबाखूला शिवत नसत, परंतु हे सांगण्यास त्यास अवसर मिळत नाही. पानातले निकोटीन आम्लांशी बांधलेले असते; चुना ते बंधन तोडून त्यास मोकळे करतो, म्हणून चिमूट गालात ठेवताच झिणझिण्या येतात. "म्हणजे साताऱ्याकडचा म्हातारा ओसरीवर बसून तळहातावर फ्रीबेसच तयार करीत होता! आणि सॉल्ट म्हणजे नेमकी उलट क्रिया. मोकळ्या निकोटिनात बेंझोइक आम्ल घालायचं, बाजारच्या लोणच्यात टिकण्यासाठी घालतात तेच. की वीस मिलिग्रॅमसुद्धा घशाला न खरवडता उतरतं." हे विवेचन रसायनदृष्ट्या निर्दोष आहे, आणि मला वाटते, त्याच्या उपद्रवमूल्याचे रहस्यही तेच आहे, चुकीचे बोलणाऱ्यास निदान थांबवता तरी येते.

यानंतर प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या प्रमाणाचा अध्याय येतो. पहिले पातळ, ते स्वाद वाहून नेते आणि घशाला जाणवते. दुसरे दाट, गोडसर आणि मेघनिर्मितीस अनुकूल. लहान यंत्राच्या पॉडात, म्हणजे रसाच्या डबीत, सत्तर टक्के ग्लिसरिनाचा रस ओतला तर तो कापसात वेळेवर झिरपत नाही, कोरडा कापूस करपतो आणि तोंडाला दिवसभर जळक्या चिंधीची चव येते. म्हणून नवशिक्याने निम्मेनिम्मे घ्यावे. आरतीचे तबक एव्हाना बाहेर फिरून गेलेले असते.

सरकारी नियमांवर त्याचे प्रभुत्व जुन्या मामलेदारास शोभेल असे. २०१६ च्या नियमांनी बाटली १० मिलिलिटरांची, टाकी २ मिलिलिटरांची आणि निकोटीन मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत ठरवून दिले. व्यापाऱ्यांनीही तत्काळ पळवाट काढून ६० मिलिलिटरांच्या बाटलीत ५० मिलिलिटर निकोटीनविरहित रस भरला आणि उरलेल्या जागेत १८ मिलिग्रॅमची १० मिलिलिटरांची कुपी गिऱ्हाइकाने स्वहस्ते ओतावी अशी तजवीज केली, म्हणजे मिश्रण बरोबर ३ मिलिग्रॅमचे होते. १ जून २०२५ पासून वापरून फेकण्याची यंत्रे बंद झाली, याचे त्यास दुःख नाही. तो त्यांस प्राकृत जनांचे व्यसन समजे. मात्र १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरमागे २ पौंड २० पेन्सांची जकात जाहीर झाल्यापासून त्याच्या घरातील एका कपाटाला कोठीघराचे स्वरूप आले आहे.

तथापि त्याच्यावर अन्याय होऊ नये. सिगारेटीपेक्षा वाफ कमी घातक, परंतु निर्धोक नव्हे, आणि जो ओढतच नाही त्याने या वाटेस जाऊ नये, हे तिथल्या वैद्यकाचे मत तो प्रामाणिकपणे उद्धृत करतो. आणि आपण २० वरून ३ वर उतरलो, लवकरच शून्यास पोचू, असे सद्गदित स्वरात सांगतो. दुर्दैवाने त्याची सहधर्मचारिणी व्यवसायाने हिशेबतपासनीस आहे. पूर्वी हे पॉडातून २० चा रस दिवसाला २ मिलिलिटर, म्हणजे ४० मिलिग्रॅम निकोटीन संपवीत. आता मोठ्या यंत्रातून ३ चा रस ६० मिलिलिटरांची बाटली चार दिवसांत, म्हणजे रोजचे ४५. हा ताळेबंद तिने एका वाक्यात मांडला, तेव्हा शास्त्र्याने प्रथमच काही काळ मौन पाळले आणि नंतर यंत्रातली रस तापवणारी कॉइल बदलावयास घेतली.

रजेवर मायदेशी येताना हा सर्व सरंजाम मागे ठेवावा लागतो, कारण २०१९ च्या कायद्याने भारतात या यंत्रांचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरातही निषिद्ध असून, व्यापार करणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा सदाशिव पेठेतील औषधांच्या दुकानी जाऊन त्याने निकोटिनाचे च्युइंगगम मागितले.

"पुदिना की पान?" दुकानदाराने मान वर न करता विचारले.

"हे पान मघई की बनारसी?"

"चघळायचं औषध आहे साहेब, विडा नाही. पुढे बोला."

तुलनात्मक अभ्यासार्थ त्याने दोन्ही पट्ट्या घेतल्या. आणि जन्मात सुपारीचे खांडही न चघळलेल्या सासऱ्यांस त्याच सायंकाळी, त्यांच्या हातातला चहा निवत असता, गम सावकाश चावून गालात का धरावी, चहाच्या आम्लामुळे तिचे निकोटीन गालातून का शिरत नाही, आणि तिच्यातही चुन्याचे काम करणारा क्षार कसा घातलेला असतो, हे त्याने साद्यंत निवेदन केले.