हरकतीची शुभ घटिका

मक्ता दिला जाण्यापूर्वी घेतलेली हरकत अकाली आणि दिला गेल्यावर घेतलेली कालबाह्य ठरावी, आणि या दोहोंच्या मध्ये जी क्षणार्धाची शुभ घटिका उरते ती केव्हा येऊन गेली हे केवळ दप्तरालाच ठाऊक असावे, ही आपल्या निविदापद्धतीची सिद्धी वसईकरांनी मे २०२५ मध्ये खाडीच्या अलीकडून पाहिली. ठाण्यास निघालेला वसई-विरारचा रहिवासी ज्या फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर, कंटेनरांच्या रांगेत, इंजिन बंद करून स्वस्थचित्ताने बसतो, त्याच नाक्यापासून गायमुखापर्यंतचा बोगदा आणि भाईंदरपर्यंतचा उन्नत मार्ग, असा सुमारे १४,००० कोटींचा तो मामला. तांत्रिक छाननीत आपले काय झाले हे न कळविताच इतरांचे वित्तीय देकार उघडले, ही लार्सन अँड टुब्रोची फिर्याद. मक्ता दिला जाईपर्यंत ते कळविण्याचे बंधनच अटींत नाही, हा एमएमआरडीएचा, म्हणजे निविदा काढणाऱ्या प्राधिकरणाचा, जबाब. स्थळास नकार कळवावयाचा तो वऱ्हाडाच्या पंगती उठल्यावर!

उच्च न्यायालयाने २० मे रोजी याचिका फेटाळल्या; सर्वोच्च न्यायालयाने अंमळ पृच्छा करताच ३० मे रोजी प्राधिकरणाने सारी निविदाप्रक्रियाच रद्द केली. (नाक्यावरील रांगेस याची वर्दी अद्याप पोहोचलेली दिसत नाही.) तमिळनाडूच्या १९९८ च्या निविदाविषयक कायद्यात अशा हरकतीच्या अपिलास दहा दिवसांची मुदत आहे, कर्नाटकात तीस दिवसांची, महाराष्ट्रात तसा स्वतंत्र कायदाच नसल्याने निदान मुदत चुकविल्याचा ठपका तरी कोणावर येत नाही.