उजवा कौल

आमच्या बहिणीकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक डॉलरची नोट असते. भाच्यानं न्यू जर्सीहून पहिल्या खेपेला आणली, तेव्हापासून. लाह्या, बत्तासे आणि जॉर्ज वॉशिंग्टन. यंदा नोट पालथी पडली होती, म्हणून मागची बाजू जरा निवांत वाचली.

मधोमध मोठ्या अक्षरात : आमचा देवावर भरवसा आहे. डावीकडे पिरॅमिड, त्याच्या टोकावर एक डोळा आणि डोळ्याच्या वर दोन लॅटिन शब्द. अर्थ असा, की ‘त्यानं’ आमच्या कार्याला मान डोलावली. कोकणातल्या माणसाला एका शब्दात कळेल. देवानं कौल दिला.

उजवा.

पण कुठल्या देवानं? १७८२ साली राष्ट्राच्या मुद्रेसाठी हे शब्द घेतले ते रोमन कवी व्हर्जिलकडून. आणि त्याच्या महाकाव्यात ‘मान डोलाव’ ही विनवणी आहे ज्युपिटरला. म्हणजे पत्रिकेतल्या गुरूला. ‘आम्ही ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणून छाती ठोकणाऱ्यांच्या खिशात इतकी वर्षं गुरुबळ खुळखुळतंय!

बरं, देवावरचा हा भरवसा नाण्यावर कधी उमटला? १८६४ साली. यादवी युद्धात माणसं पटापट मरत होती तेव्हा. राष्ट्राचं अधिकृत बोधवाक्य कधी झालं? १९५६ साली. समोर निरीश्वरवादी रशिया अणुबॉम्ब घेऊन उभा होता तेव्हा. परीक्षा तोंडावर आली की मारुतीला तेल घालणारं पोरगं आणि महासत्ता, यांत फरक फक्त तेलाच्या भावाचा.

त्याच धास्तीत १९५४ मध्ये शाळेतल्या प्रतिज्ञेतही देवाचं नाव घातलं. मूळ प्रतिज्ञा १८९२ ची, लिहिणारा फ्रान्सिस बेलामी हा बॅप्टिस्ट पाद्री. त्याच्या मसुद्यात देव नव्हता. पाद्र्याला जे सुचलं नाही, ते खासदारांना सुचलं.

‘डोंगरावरचं नगर’ ही अमेरिकेला दिलेली उपमाही अशीच वापरून गुळगुळीत झाली. १६३० मध्ये प्युरिटन वसाहतवाल्यांचा म्होरक्या जॉन विन्थ्रॉप यानं बायबलमधून ती काढली ती दम द्यायला. सगळं जग आपल्याकडे बघतंय, देवाशी लबाडी कराल तर जगभर छी-थू होईल, असा त्याचा सूर. पुढे रेगनसाहेबांनी त्या नगराला ‘झगमगतं’ केलं.

दम गेला. रोषणाई राहिली.

एक माणूस मात्र खरं बोलून गेला. ४ मार्च १८६५. लिंकन दुसऱ्यांदा शपथ घ्यायला उभे. युद्ध जिंकत आलेलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघा, देव आमच्या बाजूनं. लिंकन म्हणाले ते असं : दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला आळवतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात. दोघांचंही मागणं पुरं होणं शक्य नव्हतं. कोणाचंच पूर्णपणे झालंही नाही.

सव्वा महिन्यानं त्यांना गोळी घातली. वार शुक्रवार. गुड फ्रायडे.

देव आपल्याच बाजूचा मानण्याचा हा रोग एकट्या अमेरिकेचा, असं मात्र समजू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या बोअरांनी १८३८ मध्ये चक्क नवस बोलला. झुलूंवर जय दे, तुझं मंदिर बांधू, हा दिवस पिढ्यान् पिढ्या पाळू. १६ डिसेंबरला लढाई झाली. सुमारे तीन हजार झुलू पडले, बोअरांचे तिघे जखमी. देव पावला! एकीकडे बंदुका-तोफा आणि दुसरीकडे भाले होते, हा तपशील प्रार्थनेत बसत नव्हता. पुढे ‘आपण देवाचे निवडलेले’ या भावनेवर वर्णभेदाची इमारत उभी राहिली आणि बायबलमधून तिला आधार शोधून द्यायला त्यांचं चर्च हजर होतं.

नवस बोअरांनी बोलला. फेडला काळ्यांनी.

जर्मन सैनिकाच्या पट्ट्याच्या बकलावर लिहिलेलं असायचं, ‘देव आमच्यासोबत’. कैसरच्या सैन्यातही आणि हिटलरच्या सैन्यातही. आता रशियात या. मॉस्कोजवळ २०२० मध्ये सैन्यदलांचं भव्य कॅथेड्रल उभं राहिलं. त्याच्या पायऱ्यांत जिंकून आणलेल्या जर्मन रणसामग्रीचं वितळवलेलं लोखंड आहे. ज्यांच्या कमरेला देव होता, त्यांचं लोखंड देवाच्या पायरीला.

धातू तोच. कौल फिरला.

आणि त्याच रशियाचे धर्माध्यक्ष किरिल यांनी २०२२ मध्ये सांगून टाकलं, की युद्धात कर्तव्य बजावताना मेलात तर सगळी पापं धुतली जातील. पलीकडे कोण? युक्रेन. तिथंही बहुसंख्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. तोच क्रूस, त्याच मेणबत्त्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय आईला माफ आहे. आकाशातल्या बापाच्या नावावर तो का खपवायचा?

खपवण्यावरून आठवलं. मार्च २०२४ मध्ये, ईस्टरच्या तोंडावर, डोनाल्ड ट्रम्प यांनी एका बायबलची जाहिरात केली. किंमत ५९ डॉलर ९९ सेंट. बाटाच्या चपलेसारखी. आत जुना करार, नवा करार आणि सोबत अमेरिकेची राज्यघटना. सरकारनं कुठलाही धर्म स्थापू नये असं जी घटना बजावते, तीच धर्मग्रंथाला शिवलेली! पुढे बातमी आली, की यातल्या हजारो प्रती छापून आल्या चीनमधून, नगाला तीन डॉलरच्या आत. देवाचा लाडका देश अमेरिका, छपाईसाठी लाडका चीन.

मूळ पुस्तकच कोणी उघडत नाही, हे खरं दुखणं. त्यात योना नावाचा संदेष्टा आहे. देव त्याला पाठवतो निनवेला, शत्रूच्या राजधानीत. शहर पश्चात्ताप करतं, देव त्यांना माफ करतो आणि योना चक्क रुसून बसतो. आमच्या देवानं त्यांना माफ केलंच कसं? देव त्याला म्हणतो, अरे, इतकी माणसं आहेत तिथं, मला त्यांची दया येऊ नये? शिवाय गुरंढोरंही आहेत. गोष्ट तिथंच संपते.

शत्रूच्या म्हशींचीसुद्धा काळजी करणारा देव. त्याला कोणाच्या सरहद्दीवर पहारा द्यायला बसवता?

आपल्या मुंबईनंही यातली एक गंमत पाहिली आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकन मिशनरी इथं उतरले. तेव्हा अमेरिका आणि इंग्लंड, दोन्ही देवाचे लाडके, एकमेकांशी लढत होते. कंपनी सरकारनं फर्मावलं, यांना परत पाठवा. ख्रिस्ताचा निरोप घेऊन आलेले ख्रिस्ती, ख्रिस्ती सरकारला आधी शत्रुराष्ट्राचे दिसले. शेवटी राहू दिलं, ही गोष्ट वेगळी.

कौलाचं असं असतं. पाषाणाला कळे लावायचे आणि उजवा पडतो की डावा, ते बघायचं. मग काही देशांचा कौल दरवेळी उजवाच कसा पडतो?

कारण कळे लावणारा गुरव घरचा असतो.

पूजा आटोपली. बहिणीनं नोटेला कुंकू वाहिलं ते नेमकं त्या पिरॅमिडवरच्या डोळ्यावर. हात जोडून पुटपुटली, ‘पोराचं ग्रीन कार्ड होऊ दे.’ बारा वर्षं झाली, भाचा रांगेत आहे. ताटात लक्ष्मी होती, नोटेवर बायबलातला देव होता, लॅटिनमध्ये ज्युपिटर होता. तिघांनीही मान डोलावली असेल.

गुरव इमिग्रेशन खात्यात बसतो.