फटी

जानेवारीतल्या एका सकाळी मुलीच्या स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन मी खिडकीशी उभी होते. बाहेर वळचणीला पागोळ्या लोंबत होत्या. आमच्या मालवणात आषाढातल्या पागोळ्या खळ्यात पडतात आणि मातीत ओळीनं खळगे करतात. त्याच जणू इथं, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला येऊन वाटेतच थबकल्या होत्या; पडावं की नाही, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. कोवळं ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. मी म्हटलं, "काय सुंदर दिसतंय हो!" जावईबुवा शेजारी येऊन उभे राहिले, त्यांनीही वर पाहिलं आणि एखाद्याचा वैद्यकीय अहवाल वाचावा तशा आवाजात म्हणाले, "आई, ते सुंदर नाही. ते गॅसचं बिल लटकतंय." मग त्यांनी मला समजावलं. घरातली ऊब माळ्यावर जाते, छपरातून निसटते, वरचं बर्फ खालून वितळवते. ते पाणी उतारावरून घरंगळत कडेपर्यंत येतं. कडेला खाली घर नसतं, म्हणून ऊबही नसते, आणि पाणी तिथंच गोठतं. ज्या घराच्या पागोळ्या लांब, ते घर जास्त गळकं. चहा संपेपर्यंत मला त्या पागोळ्यांकडे बघताना चोरून दुसऱ्याचं पासबुक वाचल्यासारखं वाटू लागलं.

घर १९१२ सालचं. लाकडी, तीन मजल्यांचं, आणि वयाप्रमाणे बोलकं. रात्री जिना आपल्या आपण दोन पायऱ्या चढायचा. वाऱ्याचा रोख बदलला की पश्चिमेच्या खिडकीतून एक बारीक शीळ यायची, कोमल निषादाच्या जवळपासची. मला त्या आवाजांची भीती कधी वाटली नाही, कारण मी फटींच्याच घरात वाढले. आमच्या नळ्याच्या घरात भिंत आणि छप्पर यांची गाठ कधी नीट पडलीच नव्हती. मध्ये वीतभर मोकळी जागा. चुलीचा धूर तिथून आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर जायचा. जाता जाता वाशांना काजळी चढवायचा, आणि त्या काजळीमुळं वाशांना कीड लागत नाही असं आजी सांगायची. एक कौल कुठंतरी सरकलेलं असायचं. तिथून उतरलेला कवडसा सकाळी पाण्याच्या हंड्यावर, दुपारी जात्यावर आणि चारच्या सुमाराला आजोबांच्या टकलावर यायचा. तो टकलावर आला की चहा ठेवायचा. दरवर्षी मिरगाआधी घर शाकारायला माणसं येत, सगळी कौलं उतरवून पुन्हा बसवत, आणि दरवर्षी एक कौल नेमकं तेवढंच सरकलेलं राही. ते चुकून राहायचं की आजोबा त्या माणसांच्या कानात काही सांगायचे, हे आता विचारायला कुणी उरलं नाही.

वूस्टरच्या घराच्या फटी मोजायला फेब्रुवारीत एक माणूस आला. फटी मोजतात हेच मला नवं होतं. त्यानं पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं आणि त्याच्या तळाशी एक भलामोठा पंखा लावला. पंखा घरातली हवा बाहेर खेचायला लागला. पन्नास पास्कल दाब, म्हणाला. म्हणजे ताशी वीस मैलांचं वारं चारी बाजूंनी एकदम घरावर आदळावं, तसं. घरातली हवा बाहेर ओढली की बाहेरची हवा जिथं जिथं वाट मिळेल तिथून आत घुसते, आणि मग प्रत्येक फट आपलं नाव सांगते. त्याच्याकडे धूर सोडणारी एक पेन्सिल होती. मी म्हटलं, त्यापेक्षा माझ्याकडे उदबत्ती आहे. तो हसला, पण नको म्हणाला नाही. मग आम्ही दोघं मोगऱ्याची उदबत्ती घेऊन घरभर फिरलो, दिवाळीच्या पहाटे ओवाळायला निघाल्यासारखे. विजेच्या बटणांपाशी धूर दचकून मागं सरकायचा. खिडकीच्या चौकटीपाशी त्याच्या वेण्या व्हायच्या. आणि खालच्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात मुलीनं जो देव्हारा मांडला आहे, तिथं धूर भिंतीपासून देवांकडे असा वाकला, जणू भिंतीतून कुणी हलकेच चवरी ढाळत होतं. गेले तीन महिने समई का फडफडते म्हणून मी तेलाला दोष देत होते.

माणसानं आकडे काढले. या दाबाखाली तासाला चौदा वेळा घरातली सगळी हवा बदलते. सगळ्या फटी एका जागी आणल्या तर दोन फूट बाय दोन फुटांची खिडकी होईल, ती तुम्ही बारा महिने उघडी ठेवली आहे. जावईबुवांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता ते उठून ती खिडकी शोधायला जातात. घराच्या भिंतीही आतून पोकळ निघाल्या. त्या काळी लाकडाचे खांब तळघरापासून माळ्यापर्यंत अखंड उभे करत. दोन खांबांमधली जागा म्हणजे सरळ धुराडंच. तळघरातली थंडी सरसर वर चढायची, वरची ऊब माळ्यातून निघून जायची, आणि मधल्या मजल्यांवर आम्ही स्वेटर घालून या वाहतुकीच्या मधोमध बसलेलो.

खिडकीच्या चौकटीची एक पट्टी काढली तेव्हा आतून चुरगळलेली वर्तमानपत्रं निघाली, पिवळी, तपकिरी, हात लावला की भुगा. कुणा बाईच्या मोज्यांची जाहिरात तेवढी वाचता आली. मला एकदम आजी आठवली. माघातल्या गार वाऱ्याला तीही माजघराच्या खिडकीत रद्दीचे बोळे कोंबायची. थंडीशी भांडताना माणसाच्या हाताला पहिल्यांदा कागदच लागतो, मग तो कुठल्याही समुद्राकाठचा असो. समुद्राचं निघालं म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनच्या सॅम्युएल कॅबट यांनी समुद्रातलं गवत वाळवून, दोन कागदांच्या मध्ये शिवून, भिंतींत घालायची गोधडी विकायला काढली होती. त्या गवताला कीड लागत नाही, ते सहजासहजी पेटतही नाही. घराला गोधडी, ही कल्पना मला फार आवडली. मी म्हटलं, तीच घाला. पण जावईबुवांनी फोम ठरवला होता.

फोमचे दोन प्रकार. एकाच्या पेशी बंद. तो कडक, जड आणि महाग. दुसऱ्याच्या उघड्या, तो मऊ, हलका. त्यांनी रात्री जेवताना ताटाशेजारी दोन्हींचे तुकडे ठेवले आणि फरक विचारला. मी बोटांनी दाबून पाहिलं. एक होता चिवट झालेल्या वडीसारखा. दुसरा दाबला की दबायचा आणि सोडला की सावकाश मूळच्या जागी यायचा. तोडून पाहिला तर आत जाळी. मी म्हटलं, हा अनारसा आहे. अनारशाला जाळी पडली तरच तो जमला, नाहीतर दिवाळी वाया. त्यांना ती उपमा इतकी पटली, की पुढं महिनाभर ते ठेकेदाराशी फोनवर बोलतानाही मराठीत अनारसा म्हणायचे आणि मग दुरुस्त करायचे. जुन्या घराला हाच बरा, असं त्यांचं म्हणणं. लाकूड उन्हाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं, हा त्याच्याबरोबर हलतो. जाळीतून ओलही ये-जा करते, आणि इथं मात्र सांभाळावं लागतं: घरातली दमट हवा फोममधून छपराच्या गार फळ्यांपर्यंत पोचली तर फळ्या कुजतात. म्हणून वरून रंगासारखा एक लेप द्यायचा, ओल अडवणारा. त्याआधी माळ्यावरच्या, चिनीमातीच्या गुंड्यांवरून ओढलेल्या जुन्या वायरी काढून घ्यायच्या. फोममध्ये गाडल्या तर त्या तापतात. एकंदरीत, लग्नघरात होते तेवढी यादी झाली.

आणि लग्नच होतं ते. मार्चमध्ये दारात ट्रक उभा राहिला, त्यात दोन पिंपं. दोन्हींतली द्रव्यं वेगवेगळी असतात तोवर महिनोन्‌महिने गप्प. त्यांना सारखं तापवून, तापलेल्या नळ्यांतून, अगदी समसमान मापानं बंदुकीच्या टोकाशी आणायचं. तिथं पहिली भेट, आणि पुढच्या काही सेकंदांत शंभरपट संसार. प्रमाण किंवा तापमान जरा चुकलं तर फोम आयुष्यभर कुरकुरतो. पत्रिका बघून जमवलेल्या लग्नांतही इतक्या काटेकोर अटी मी पाहिल्या नाहीत. पॉलियुरेथेनचं हे रसायन १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी काढलं. फुगवणारी गोष्ट मात्र साधी: एका पिंपात थोडं पाणी असतं, ते दुसऱ्यातल्या द्रव्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आपण ढोकळ्यात सोडा घालतो तेव्हा सुटतो, तोच. तळणीत साबुदाण्याचा पापड चौपट फुलताना मी पाहिला आहे. शंभरपट काही फुललेलं मात्र मी तोवर ऐकलं होतं ते फक्त आमच्या गावच्या एका काकांच्या गोष्टींत.

फवारताना घरात कुणी थांबायचं नाही, आणि पुढं चोवीस तासही नाही. फवारणारा माणूस पांढऱ्या कपड्यांत नखशिखान्त गुंडाळलेला, तोंडावर हवेची नळी. मी अंगणातून, माळ्याच्या खिडकीतून दिसलं तेवढं पाहिलं: वाशांच्या मधल्या काळोखावर एक ओली रेघ उमटली, आणि बघता बघता ती दूध उतू जाताना येतं तशी वर आली. फक्त उतू गेली नाही, होती तिथं थिजली. मग लांबलचक करवतीनं त्यानं वाशांबाहेर आलेला फुगवटा तासून काढला. पांढरे थर खाली पडत होते, अगदी मऊ, आवाजही न करता. त्यातला हातभर तुकडा नातवानं उचलून आणला. एक घनफूट फोम वजनाला पावशेर शेवेपेक्षाही कमी भरतो. एवढ्या हलक्या वस्तूनं वूस्टरचा हिवाळा अडवायचा होता. ती रात्र आम्ही ओळखीच्यांकडे काढली. जावईबुवांना झोप नव्हती. मिश्रण बिघडलं तर घराला माशाचा वास लागतो आणि जाता जात नाही, असं त्यांनी वाचलं होतं. मी म्हटलं, लागला तर लागला, मला दोन दिवस सुके बोंबील भाजता येतील, कुणाला कळायचं नाही. ते हसले नाहीत.

वास लागला नाही. लागली ती शांतता. जिना चढायचा थांबला. पश्चिमेची शीळ गेली. रस्त्यावरून बस गेली तरी ती दुसऱ्या कुणाच्या गावातून गेल्यासारखी वाटायची. मार्चअखेर पुन्हा बर्फ पडलं तेव्हा ते छपरावर जसंच्या तसं राहिलं, घडी न मोडलेल्या धोतरासारखं, आणि वळचणीला एकही पागोळी नव्हती. जावईबुवा अंगणात उभं राहून ते डोळे भरून बघत होते. मी पण बघितलं. मला कुठं बघावं तेच कळेना.

मग एके दिवशी मी बोंबील खरंच केले. पूर्वी असा वास दोन तासांत घराच्या चौदाशे वाटांनी निघून जायचा. या वेळी तो बुधवारी आला आणि शनिवारपर्यंत राहिला. सोफ्यावर बसला, नातवाच्या दप्तरातून शाळेत गेला. खिडक्यांच्या काचांना आतून घाम येऊ लागला. इतकं बंद झालेल्या घराला हवा लागते, असं निघालं. ठेकेदारानं हे आधीच सांगितलं होतं, फक्त बोंबलांशिवाय. म्हणून आता तळघरात एक यंत्र बसलं आहे. ते शिळी हवा बाहेर टाकतं, ताजी आत घेतं, आणि दोघींना एकमेकींत न मिसळता शेजारून नेऊन जाणारीची ऊब येणारीला देतं. ओटी भरून पाठवणी करावी, पण उलट्या बाजूनं. भिंतीत त्यासाठी दोन गोल भोकं पाडली. एवढ्या खर्चानं फटी बुजवून, वर पैसे देऊन दोन नव्या विकत घेतल्या. हे मी मुलीला हळूच म्हटलं. ती म्हणाली, "आई, बाबांसमोर बोलू नकोस." जावयाला ती मुलासमोर बाबा म्हणते. पण क्षणभर मला वाटलं ती माझ्या वडिलांना म्हणते आहे.

यंत्र येऊनही जावईबुवा थांबले नव्हते. बाजारात फोमचा छोटा डबाही मिळतो, दाबला की नळीतून फेस येतो. तो हातात घेऊन ते संध्याकाळी घरभर फिरायचे, पाली शोधणाऱ्या मांजरासारखे. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी देवाजवळ उदबत्ती लावली. धूर आता सरळ उभा राहायचा, वर्गात नाव घेतल्यासारखा. त्या दिवशीही राहिला. मग बोटभर उंचीवर त्याला काहीतरी आठवलं आणि तो किंचित भिंतीपासून देवांकडे झुकला. समईची ज्योतही हलली. मी वळून पाहिलं तर जावईबुवा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते, हातात डबा. त्यांनी धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डबा त्यांनी पायरीवर ठेवला, पुढं आले, उदबत्तीचं घर वीतभर उजवीकडे सरकवलं, आणि धूर पुन्हा सरळ झाला तसे हात जोडून उभे राहिले.