दोन काठ्यांचा भाविक

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला रोपवेच्या रांगेत उभं राहिलं की तो दिसतोच. तो म्हणजे कोण, हे सांगायला नको. तुमच्या ऑफिसात एक असेल, सोसायटीत तिघे असतील, आणि मृगाचे दोन थेंब पडले की घरातही एखादा उगवतो. अंगात झटकन वाळणारा टी-शर्ट, पाठीवर पाण्याची पिशवी, पिशवीची नळी खांद्यावरून थेट ओठांपाशी. रांगेत चार पावलं सरकताना घसा कोरडा पडलाच, तर हात उचलायचे कष्ट नकोत. तसे हात मोकळे नसतातच. दोन्ही हातांत एकेक काठी असते.

ही काठी आजोबांची नव्हे. तीन पेरांची, घडी होणारी, मनगटात अडकवायला पट्टा, टोकाला रबरी टोपी. ती टोपी मी जवळून पाहिली. काळीकुळकुळीत, कोरी, कडेला साच्याची रेघसुद्धा शाबूत. फ्लॅटमधून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून गाडीत, गाडीतून या रांगेत असा तिचा आजवरचा प्रवास. पुढे ट्रॉलीत बसून चार-पाच मिनिटांत ती गडावर पोचणार. म्हणजे ज्या डोंगरासाठी ती घेतली, तो डोंगर तिच्या खालून निघून जाणार.

"ट्रेकला का?" रांगेतल्या एका काकांनी विचारलं.

"छे हो, जगदीश्वराच्या दर्शनाला. देवाच्या दारी जाताना शरीराचा अहंकार कशाला?"

काका गप्प झाले. मीही झालो. पलीकडे चित् दरवाजाकडून दीड हजाराच्या आसपास पायऱ्या निमूटपणे वर जात होत्या.

रोपवेशी माझं भांडण नाही. 1996 पासून कित्येक म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, गुडघे गेलेल्यांनी, तान्ही पोरं कडेवर असलेल्यांनी त्याच्यामुळे गड पाहिला, शिवाजी महाराजांच्या समाधीपुढे डोकं टेकवलं. त्यांनी शंभरदा जावं. या गृहस्थाचे गुडघे ठणठणीत होते. मॅरेथॉनचं पदक गळ्यात घातलेला फोटो त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर होता.

ट्रॉलीचं दार वर उघडलं आणि भाविक संपला. मेणा दरवाजाच्या पायऱ्या चढून तो माथ्यावर आला तोवर त्याचा पुरता ट्रेकर झाला होता. मनगटावरच्या घड्याळानं समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवली, आठशे वीस मीटरच्या आसपास. त्या आकड्याचा फोटो निघाला. मग काठ्या दोन्ही बाजूंना फाकवून दुसरा, काठ्या आकाशाकडे रोखून तिसरा. खाली मजकूर: 'गड सर!' बाजीप्रभूंच्या हातातसुद्धा दांडपट्टा इतका मिरवला नसेल. होळीच्या माळावरून बाजारपेठेकडे निघाल्यावर, म्हणजे गडावरच्या सगळ्यांत सपाट जागी, काठ्या कामाला लागल्या. एकीचा आवाज येत नव्हता. दुसरीचा येत होता, टक्, टक्, टक्. तिची रबरी टोपी ट्रॉलीतच पडली असावी. साडेतीनशे वर्षं ऊनपाऊस सोसलेल्या दगडांवर पोलादी टोक आपटत हे महाशय इतिहास अनुभवत चालले होते.

जगदीश्वराच्या दारात बूट काढायची वेळ आली. "आम्ही ट्रेकर आहोत," तो म्हणाला, "याच्या नाड्या सोडायला दहा मिनिटं लागतात." बूट निघाले नाहीत. नंदीला दुरूनच नमस्कार झाला. काठ्या मात्र त्यानं ठेवल्या, आणि कुठे ठेवल्या म्हणता? हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेल्या पायरीवर! अख्खी राजधानी बांधून काढलेल्या माणसानं आपलं नाव कळसावर घातलं नाही, पायरीवर घातलं. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ त्यावर पडावी म्हणून, असं सांगतात. त्या अक्षरांवर दोन काठ्या आडव्या, वर घामट मोजे अडकवायचा चाप, आणि शेजारी मोबाइल टेकवून स्वतःचं चित्रीकरण.

इथवर मी हसत होतो. परतताना ताकवाली लागली आणि माझं हसू आटलं.

पहाटे उठून, ताक घुसळून, हंडा डोक्यावर घेऊन ती बाई गड चढून आली होती. पायांत रबरी चपला, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. काठी नव्हती, काठी धरायची तर हंडा कोण धरणार? ग्लास वीस रुपये.

"मावशी, वीस?" तो म्हणाला. "खाली दुकानात पिशवी मिळते की स्वस्तात. आणि आम्ही दर्शनाला आलेली माणसं. देवाच्या दारी असं लुटायचं?"

पाहिलंत? भाविक परत आला! पायऱ्या दिसल्या की हा भाविक होतो, बूट काढायला सांगितलं की ट्रेकर होतो, पैसे काढायची वेळ आली की पुन्हा भाविक. कोणत्या क्षणी कोण व्हायचं याचा हिशेब पक्का, आणि प्रत्येक वेळी फायदा त्याचाच. त्याच्या काठ्यांच्या जोडीच्या पैशांत त्या बाईचा आख्खा हंडा कितीदा रिकामा झाला असता. दुकानात त्या जोडीवरचं किमतीचं लेबल वाचून त्यानं गुपचूप मोबाइल पुढे केला असणार. तिथे 'दादा, काही कमी करा' म्हणायची लाज वाटते. डोक्यावर हंडा आणलेल्या बाईपुढे ती लाज कुठे जाते? शेवटी पंधरावर आला. मग म्हणे सुट्टे नाहीत, ऑनलाइन चालेल का? फोनला रेंज नव्हती. बाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा, पी. खाली घरी दे." आणि तो प्यायला! ढेकर देऊन प्यायला! हिरकणीवाडीत उतरून त्यानं कुणाचं घर शोधलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. रोपवेतून उतरून तो थेट गाडीत बसला.

याच गडावर दूध विकायला आलेल्या हिरकणीला त्या संध्याकाळी उशीर का झाला, हे जो तो वेगळं सांगतो. मला आता शंका उरलेली नाही. कुणीतरी दोन काठ्या टेकून दुधाचा भाव करत बसला असणार. दरवाजे त्याच्यापायी बंद झाले, आणि कडा उतरावा लागला तिला.

तर गडावर जा. चालत जा, ट्रॉलीनं जा, काठ्या हव्या तर चार घेऊन जा, त्यांच्या टोप्या तेवढ्या सांभाळा. मंदिराच्या दारात बूट काढा. निघताना महाडला दहा-वीसच्या नोटा मोडून घ्या, आणि ताकवाली जो भाव सांगेल तो मोजून तिच्या हातावर ठेवा.